आमच्या फौजींची मते कुठे गेली आणि का गेली?

2025 च्या 1 जानेवारीला आम्ही वस्तीतली सतरा-अठरा माणसे गाडी करून भीमा कोरेगावला गेलो होतो. दरवर्षी जातो. मिरज तालुक्यातून पहाटे दोनला निघायचे, अभिवादन करायचे आणि रात्री उशिरा घरी यायचे. यावेळी सोबत आमचे चुलते होते. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. महार रेजिमेंटमध्ये सतरा वर्षे काढून, श्रीलंकेच्या जंगलात जाऊन येऊन, 1997 साली हवालदार म्हणून घरी आलेला माणूस. कोटावर मेडल लावून, टोपी नीट बसवून त्यांनी जयस्तंभाला सॅल्यूट केला, तेव्हा आमच्याच पोरांनी त्यांचे फोटो काढले आणि लगेच स्टेटसला ठेवले.

परतीच्या वाटेवर त्याच पोरांपैकी एकाने विचारले, "आण्णा, स्तंभाला सॅल्यूट आन् बटण कमळाचं, हे कसं काय जमतं तुम्हाला?"

गाडीत हशा झाला. मागून दुसरा म्हणाला, "पेन्शन येतीय ना महिन्याला, मग भक्त व्हावंच लागतंय." आम्हीही हसलो, हे आधीच कबूल करतो. आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत उभी राहिली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुमच्यापैकी एकानं तरी माझी पीपीओ बघितलीय का?"

कुणालाच पीपीओ म्हणजे काय ते माहीत नव्हते. खोटे कशाला सांगा, आम्हालाही नव्हते. आमचे वडील 1971 च्या लढाईतले फौजी. ते 2009 साली गेले. तेव्हापासून आमची आई ज्या कागदावर जगते आहे, तोच तो कागद. पेन्शन पेमेंट ऑर्डर. घरातल्या पेटीत बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेला. चळवळीत वीस वर्षे घालवलेल्या आम्हाला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

मित्रांनो, फौजी लोकांच्या राजकारणाबद्दल आपण जे बोलतो ते बहुतेक अशाच अज्ञानातून बोलतो. कुणी म्हणतो फौजी म्हणजे जन्मजात सत्ताधाऱ्यांचा माणूस. कुणी म्हणतो त्याच्या डोक्यात राष्ट्रवाद भरलेला असतो, त्याला समाज दिसत नाही. आमच्या एका घराचा शंभर वर्षांचा हिशोब मांडला तरी हे दोन्ही खोटे ठरते. फौजीचे मत अनेकदा हलले आहे, आणि प्रत्येक वेळी ते का हलले याला कारण आहे.

आधी एक भेद स्पष्ट करू. सेवेत असलेल्या सैनिकाची पक्षनिष्ठा हा आपल्या चर्चेचा विषय नाही आणि असूही नये. संविधानाच्या अनुच्छेद 33 ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. 1950 च्या लष्करी कायद्यानुसार आणि त्याखालच्या नियमांनुसार जवानाला राजकीय पक्षाचा सभासद होता येत नाही, पक्षाच्या सभेला जाता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही. हे योग्यच आहे. आपल्या शेजारच्या देशांत लष्कर राजकारणात उतरल्यावर काय झाले ते आपण पाहिले आहे. पण त्याचा मताचा हक्क शाबूत आहे. तो सेवा मतदार असतो, नाव गावच्या यादीत राहते आणि मत टपालाने जाते. त्याच्यासोबत राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय होती. महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला मात्र 2021 च्या कायदादुरुस्तीपर्यंत नव्हती, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फौजी म्हणजे पुरुषच होता.

वडील सांगायचे, 1967 च्या निवडणुकीची त्यांची मतपत्रिका निकाल लागून गेल्यावर हातात पडली. तिचा उपयोग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाला घालायला केला. 2016 पासून मतपत्रिका जवानापर्यंत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय झाली, परत मात्र ती टपालानेच येते. सांगायचा मुद्दा असा की फौजीचे मत गावाला खऱ्या अर्थाने दिसते ते तो पेन्शनवर घरी आल्यानंतर. तेव्हा तो पस्तीस-चाळीसचा असतो. दरमहा ठरलेला पैसा येत असतो, लिहिता-वाचता येत असते, देश बघितलेला असतो. घरातली आठ-दहा मते त्याला विचारून पडतात. म्हणूनच प्रत्येक पक्ष त्याच्या दारात येतो.

आता मागे जाऊ. आपल्या चळवळीचा पाया कुणी घातला? गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त फौजी. इंग्रजांनी 1890 च्या दशकात 'लढवय्या जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा 1894 साली त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. रामजी सुभेदारांच्या घरात बाबासाहेब जन्मले ते महूच्या छावणीत. 1927 च्या महाडला कोकणातले पेन्शनर फौजी उभे होते. हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो.

जे भाषणात येत नाही ते सांगतो. 1919 च्या सुधारणा कायद्यात आणि पुढे 1935 च्या कायद्यात मताचा हक्क सर्वांना नव्हता. जमीन, सारा, घरभाडे, शिक्षण अशा अटी होत्या. त्या अटींत आमच्या समाजातला किती माणूस बसणार? पण आणखी एक वाट होती. निवृत्त किंवा पेन्शनवरचा सैनिक असेल तर मालमत्ता नसतानाही त्याला मत होते. 1935 च्या कायद्याने पेन्शन घेणाऱ्या सैनिकाच्या विधवेला आणि आईलाही ते दिले. म्हणजे ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी नाही, त्याला त्याच्या पेन्शनच्या कागदावर मत होते. 1937 साली बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई प्रांतात निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्या मतदारयाद्यांमध्ये आमचे हे पेन्शनर होते. आमच्या पणज्याचे नाव त्यात होते असे घरात सांगतात. त्याची पेन्शन पहिल्या महायुद्धातली. 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच 1921 साली मोडून टाकली, त्या पलटणीतला तो.

या माणसांची निष्ठा कुणाशी होती? इंग्रजांशी, असा आरोप आजही होतो. अर्ज वाचले तर दिसते की प्रत्येक अर्जात एक हिशोब आहे. आम्ही तुमच्यासाठी इतके लढलो, आता भरती उघडा. 1941 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. तरुणांना फौजेत जा असे ते सांगत होते आणि त्याच वेळी महारांची स्वतंत्र रेजिमेंट मागत होते. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता. त्याच्या एक वर्ष आधी, 1940 साली पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी भारतीय सैन्य कोणत्या प्रांतांतून आणि कोणत्या समाजांतून भरले आहे याचे कोष्टकच मांडले होते. सैन्याकडे बाबासाहेब असे पाहत होते. सैनिकाच्या गौरवाची भाषणे पुष्कळ लोक करत होते, त्यांनी विचारले की भरती कुणाची होते?

नेमक्या त्याच वर्षी दुसऱ्या एका देशात आपल्यासारखीच माणसे हाच सौदा करत होती, ते इथेच सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक लिंकनच्या बाजूने लढले. पुढे जिथे जिथे त्यांना मत देता आले तिथे कित्येक दशके ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला देत राहिले. पक्षाने त्यांच्यासाठी काही करणे केव्हाच सोडले होते, पण कृतज्ञता सुटत नव्हती. 1930 च्या दशकात पोटाच्या प्रश्नाने ही मते रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकू लागली. जून 1941 मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याची धमकी दिली, तेव्हा रूझवेल्टने युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या नोकऱ्यांत वर्णभेदाला बंदी केली. फौजेतल्या वेगळ्या पलटणी मात्र तशाच ठेवल्या. 1948 साली रँडॉल्फ सिनेटच्या समितीपुढे जाऊन म्हणाले की भेदभाव करणाऱ्या सैन्यात भरती होऊ नका असे मी आमच्या तरुणांना सांगेन. निवडणुकीचे वर्ष होते. 26 जुलै 1948 ला ट्रुमनने सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. नोव्हेंबरात तो निवडून आला आणि उत्तरेकडच्या मोठ्या राज्यांत काळ्यांची मते त्याच्या कामी आली. रँडॉल्फने आदेश आधी मागितला, आभार नंतर. आपल्याकडे हा क्रम 1941 साली बाबासाहेबांनी पाळला होता. नंतर आपण तो विसरलो.

विसरलो कसे, ते आमच्या घरातच घडले. आजोबा फेडरेशनचे, मग रिपब्लिकनचे. हत्ती सोडून दुसऱ्या चिन्हाकडे बघायचे नाही असे घर. वडील 1971 च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर मशीनगनवर होते. युद्ध जिंकले. 1972 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या घराचा शिक्का पहिल्यांदा गाय-वासरावर पडला. आजोबा तोपर्यंत वारले होते. आजीला विचारले तर म्हणाली, "पोरगं जिवंत आलं, बाईनं लढाई जिंकली." रिपब्लिकन पक्ष तोवर गटागटांत फुटला होता, हेही खरे. पण आम्हाला खटकते ते पुढचे. विजयाच्या दुसऱ्याच वर्षी, 1973 साली, तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानांच्या पेन्शनचे जुने प्रमाण खाली आले. माजी सैनिकांच्या संघटना आजही आपल्या दुःखाची सुरुवात तिथून मोजतात. आमचे घर त्यानंतरही पंजाला मत देत राहिले, कारण कमी झालेल्या पेन्शनचा जाब कुणाला विचारायचा हे सांगणारा आपला एकही कार्यकर्ता वस्तीत आला नाही.

या कमी झालेल्या पेन्शनमधून 'वन रँक वन पेन्शन'ची मागणी उभी राहिली. मागणी साधी आहे. एकाच हुद्द्यावर तितकीच वर्षे नोकरी करून 1985 ला घरी आलेल्याला आणि 2010 ला घरी आलेल्याला सारखी पेन्शन द्या. 2011 च्या डिसेंबरात राज्यसभेच्या याचिका समितीने या मागणीच्या बाजूने अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, ज्यांच्या राज्यपालपदाची महाराष्ट्राला वेगळ्याच कारणांनी आठवण आहे. तेव्हाच्या सरकारने अहवाल जवळजवळ दोन वर्षे तसाच ठेवला. 15 सप्टेंबर 2013 ला हरियाणातल्या रेवाडीत माजी सैनिकांचा मोठा मेळावा झाला. पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून नाव जाहीर होऊन दोनच दिवस झालेले नरेंद्र मोदी तिथे बोलले. माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंह मंचावर होते. पुढच्या मार्चमध्ये ते भाजपमध्ये गेले आणि गाझियाबादमधून खासदार झाले. काँग्रेस सरकारला जाग आली ती फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पात, 500 कोटींची तरतूद घेऊन. तोवर देशभरच्या फौजी घरांत मन ठरून गेले होते. आण्णांचेही ठरले होते. 2014 ला आमच्या चुलत घराने कमळाचे बटण दाबले. हातावरून कमळावर जाताना त्यांनी कुणाचीच माफी मागितली नाही, आणि का मागावी?

पुढचे सगळे त्यांनी आम्हाला त्या टोलनाक्यावर आणि नंतर कराडच्या ढाब्यावर सांगितले. 2015 च्या जूनमध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर उपोषणाला बसले, कारण वर्ष उलटूनही आदेश निघाला नव्हता. 14 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, दिल्ली पोलिसांनी त्यांना ओढून हटवायचा प्रयत्न केला. टीव्हीवर एका म्हाताऱ्या फौजीचा फाटलेला शर्ट आणि त्यावरची मेडल दिसत होती. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत. 5 सप्टेंबरला घोषणा झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत, विधवांना एकरकमी. आईचे पैसे 2016 ला आले. तिने त्यातून विहाराला पंखा दिला आणि उरलेल्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन केले.

आण्णांचे आले नाहीत. वाढीव पेन्शनचे तक्ते हुद्दा, गट आणि नोकरीची वर्षे पाहून लावतात. त्यांच्या नोंदीत सतराऐवजी पंधरा वर्षे पडली होती. बँक म्हणे जिल्ह्याला जा, जिल्हा म्हणे रेकॉर्ड ऑफिसला लिहा. आण्णा ती फाईल घेऊन आधी आमच्याकडे आले होते. आम्हाला आठवते. आम्ही तेव्हा एका परिषदेच्या तयारीत होतो, पावती पुस्तके छापून घ्यायची होती. आम्ही म्हणालो, "आण्णा, हे झालं की बघू." ते झाले, मग दुसरे आले. आमच्या शेजारच्या गल्लीत दुसऱ्या एका पक्षाचे बूथचे काम बघणारा पोरगा आहे. त्याने आण्णांना मोटारसायकलवरून तीनदा जिल्ह्याला नेले. अर्ज लिहून दिला, त्याची पोच घेतली, सात महिने पाठपुरावा केला. दुरुस्ती झाली, थकबाकी आली.

"त्यानं एकदाबी मत मागितलं न्हाई," आण्णा म्हणाले. "मागितलं असतं तर दिलं नसतं."

पोरे गप्प झाली होती. आण्णांनी मग उलटा प्रश्न टाकला. "आन् 2019 ला लोकसभेला तुमी सगळ्यांनी वंचितला घातलं ना? त्यो गडी पाच-सहा महिन्यांत कुठं गेला?" याला उत्तर नव्हते. सांगलीतून वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार होते गोपीचंद पडळकर. त्यांना तीन लाखांच्या घरात मते पडली. आम्ही रात्रंदिवस प्रचार केला होता. त्याच वर्षी विधानसभेला ते भाजपचे उमेदवार म्हणून बारामतीत उभे होते. आमची तीन लाख मते प्रामाणिक होती, पण ती ज्याच्या हातात दिली त्याच्यावर आम्ही काही अट घातली होती का? फौजीला भक्त म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

याचा अर्थ आण्णांचे सगळे बरोबर असे आम्ही म्हणत नाही. 1 जानेवारी 2018 ला कोरेगावच्या वाटेवर आपल्या माणसांवर दगड पडले. त्या वर्षी आण्णा आजारी होते म्हणून आले नव्हते, पण नंतरही त्यावर ते मोकळेपणी बोलत नाहीत. ज्या स्तंभाला ते सॅल्यूट करतात त्याच्या सावलीत जे झाले त्याचा विचार मत देताना करायला नको का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "केला न्हाई असं तुला कुणी सांगितलं?" आणि विषय सोडला. आमचा दुसरा आक्षेप पेन्शनबद्दलचा. वाढीव पेन्शन ही सरकारची मेहरबानी नव्हती. चाळीस वर्षांच्या लढ्यानंतर, उपोषणाला बसल्यावर, कपडे फाटल्यावर मिळालेला हक्क होता. हक्काच्या पैशाबद्दल कुणाला दोन-दोन निवडणुका मते द्यायची गरज नाही. पण हे त्यांना सांगायचा अधिकार फाईल हातात घेणाऱ्याला होता. आम्ही ती परत केली होती.

2019 बद्दल एक गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. 14 फेब्रुवारीला पुलवामात चाळीस जवान मारले गेले. ते सीआरपीएफचे होते. निवडणूक आयोगाने मार्चमध्ये पक्षांना सांगितले की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. 9 एप्रिलला पंतप्रधानांनी आपल्याच महाराष्ट्रात, लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पहिल्यांदा मत देणाऱ्यांना विचारले की तुमचे मत पुलवामाच्या शहिदांना आणि बालाकोटच्या वीरांना समर्पित होऊ शकते का. आयोगाला त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र गेले की सैन्याचा राजकारणासाठी वापर थांबवा. त्यातल्या काही मोठ्या नावांनी आपण सही केली नाही असे म्हटले. फौजी समाज एका बाजूला उभा नव्हता, हे त्या पत्राच्या वादातूनही दिसते.

पण आपल्या दृष्टीने खरा मुद्दा सीआरपीएफचा आहे. लष्कराच्या भरतीत आरक्षण नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या दलांत आहे. त्यामुळे आमच्या वस्तीतली गेल्या वीस वर्षांतली बहुतेक वर्दी या दलांची आहे. त्या दलांना वन रँक वन पेन्शन लागू नाही. 1 जानेवारी 2004 नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही, शेअर बाजाराशी जोडलेली नवी योजना आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत त्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला स्थगिती दिली. मेल्यावर सैनिक आणि जिवंत असताना कर्मचारी, अशी ही वाटणी आहे. आण्णांच्या शेजारी राहणारा सीआरपीएफचा जवान सुट्टीवर आला की म्हणतो, "काका, तुम्ही फौजी. मी नुसता वर्दीवाला." आपल्या कोणत्या पक्षाने हा प्रश्न जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर घेतला?

मग आली अग्निपथ. 14 जून 2022. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम, बाकी घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जाताना सेवानिधीचे अकरा लाख एकाहत्तर हजार, त्यातले निम्मे दर महिन्याला पोराच्याच पगारातून कापलेले. त्याआधी कोरोनाच्या नावाखाली दोन वर्षे भरती बंद होती. आमच्याकडच्या रस्त्यावर पहाटे चारला धावणारी पोरे तुम्हीही पाहिली असतील. गाडीत आण्णांना पहिला प्रश्न विचारणारा पोरगा त्यातलाच. भरती बंद असताना त्याचे वय निघून गेले. एका वर्षासाठी तेवीसपर्यंत सवलत दिली, त्यातही तो चार महिन्यांनी चुकला. आता तो कंपनीत कंत्राटी कामगार आहे. 2023 च्या ऑक्टोबरात बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर गेला, तेव्हा याने दोन दिवस स्टेटसला काळा चौकोन ठेवला होता.

ज्या फौजी पट्ट्यांनी 2014 आणि 2019 ला एकगठ्ठा मते दिली, तिथे 2024 च्या लोकसभेला काय झाले बघा. राजस्थानचा शेखावाटी भाग, घरोघरी फौजी. झुंझुनू, सीकर, चुरू या तिन्ही जागा भाजपने 2019 ला जिंकल्या होत्या, 2024 ला तिन्ही गेल्या. हरियाणात दहाच्या दहा होत्या, पाच राहिल्या. शेतकरी, जात, उमेदवार अशी इतरही कारणे तिथे होती, पण अग्निपथ प्रत्येक सभेत होते. सरकारात भागीदार झालेल्या जनता दल युनायटेडनेही निकालानंतर योजनेचा फेरविचार मागितला. आणि चारच महिन्यांनी हरियाणाची विधानसभा भाजपने तिसऱ्यांदा जिंकली. अग्निवीरांना राज्याच्या नोकरीचे आश्वासन देऊन. म्हणजे मत गेले, सौदा झाला, काही मत परत आले. ज्याला फौजी म्हणजे आंधळा वाटतो त्याने हे आकडे पुन्हा वाचावेत.

आमच्या आण्णांचेही असेच झाले, आणि हे आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळले. त्यांच्या मुलीचा मुलगा 2023 ला अग्निवीर म्हणून गेला आहे. 2024 च्या मे महिन्यात लोकसभेला आण्णांनी कमळाला मत दिलेच नव्हते. अपक्षाला दिले होते. "पोराला चार वर्षांनी परत धाडणार, मग कशाला द्यायचं? आन् संविधानाचंबी कानावर आलंच हुतं." विधानसभेला मात्र पुन्हा दिले. मोटारसायकलवाला पोरगा दारात आला होता. पोरांनी टोमणा मारला तो अर्धवट माहितीवर.

आम्हाला एक आक्षेप नेहमी ऐकवला जातो. फॉर्म भरून देणे हे समाजकार्य आहे, चळवळ नाही. दाखले काढून देऊन क्रांती होत नसते. आमचे म्हणणे असे की वलंगकर आणि कांबळे यांनी अर्जच लिहिले होते. अर्ज कुणासाठी लिहायचा आणि त्यात काय मागायचे, यात राजकारण आहे. आण्णांची दोन वर्षे कुठे गळाली हे शोधताना कळते की रेकॉर्ड ऑफिस कसे चालते. सीआरपीएफच्या पोराचे कागद बघताना 2004 ची रेषा कळते. 2020 साली राज्यातल्या महाविकास आघाडी सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी योजना आणली आणि तिला बाळासाहेब ठाकरेंचे नाव दिले. आमच्या वस्तीतल्या तीन फौजी घरांनी तिचा अर्जच केला नव्हता, कारण कुणी सांगितले नाही. नाव देणाऱ्यांनी नाव दिले, फायदा घरात पोचवायचे काम आपले होते.

गेल्या फेब्रुवारीपासून विहाराच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही टेबल टाकतो. एक रजिस्टर आहे, एक जुना प्रिंटर आहे. पहिले दोन रविवार कुणी आले नाही. तिसऱ्या रविवारी आई शेजारच्या म्हातारीला घेऊन आली. तिचे नाव पीपीओवर एक, आधारवर दुसरे, पासबुकात तिसरे होते. लग्नानंतर बदललेले, धर्मांतरानंतर बदललेले आणि क्लार्कने बदललेले. ते एक करायला साडेचार महिने लागले. 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेत शिरायला लागणारा मोबाईल नंबर तिच्या मेलेल्या मुलाचा होता.

आण्णा आता रविवारी येऊन बसतात. त्यांना कोणत्या तक्त्यात कोणता रकाना बघायचा ते पाठ आहे. मोबाईलवरचे काम तो टोमणा मारणारा पोरगा करतो. आण्णांनी पुढच्या वेळी कुणाला मत द्यायचे ठरवले आहे ते आम्ही विचारलेले नाही. मोटारसायकलवाला पोरगाही एकदा डोकावून गेला, एका विधवेच्या फाईलबद्दल विचारायला. आम्ही त्याला चहा दिला आणि तिचा रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता दिला.

त्या दिवशी जाताना आण्णांनी रजिस्टरमध्ये एक नाव लिहायला लावले. आपल्या नातवाचे. पोराने विचारले, "आण्णा, याची तर पीपीओच निघणार न्हाई. कोणत्या रकान्यात लिहू?" आण्णा म्हणाले, "नवा रकाना कर. तारीख घाल, 2027." पोराने पट्टी घेतली आणि रजिस्टरच्या कडेला एक रेघ ओढली.